मनुष्य गुन्हा का करतो?
(वार्षिक संमेलनात नागपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह, उद्योग या विषयांवर विचार होतो. यंदा आम्ही गुन्ह्याच्या कारणांवर बोलणार असे कळताच काही मंडळींनी विचारले, ‘आपल्या समाजाचा याच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो निकटचा आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

इटलीतील बेकारिया याने १७६४ साली असे प्रतिपादिले की, मनुष्य लाभहानीचा हिशेब करूनच गुन्ह्यास प्रवृत्त होतो. म्हणून शिक्षा क्रूर नसावी, पण अटळ असावी. त्याच देशातील लोंब्रोझो नामक वैद्याने १८७६ साली निराळेच मत मांडले. गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो आणि त्याच्या कवटीवरून, जबड्यावरून तो ओळखू येतो, असे त्याचे म्हणणे. पुढे इंग्लंडातील तुरुंगांचे वैद्य गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि १९१३ साली दाखवून दिले की, गुन्हेगाराची अशी वेगळी शरीरठेवण नसते.

जन्माची उपपत्ती ढासळल्यावर विद्वानांची दृष्टी समाजाकडे वळली. अमेरिकेतील मर्टन यांनी १९३८ साली म्हटले की, समाज सर्वांना एकच वैभव दाखवितो, पण तेथे जाण्याचा सरळ मार्ग मात्र सर्वांना मोकळा ठेवीत नाही. सदरलंड यांच्या मते गुन्हा हा निकटच्या संगतीत शिकला जातो. प्रतिष्ठितांच्या पेढ्यांतही तो शिकला जातो, हे त्यांनी १९४९ सालच्या ग्रंथात दाखविले. बेकर यांनी १९६३ साली आणखी एक मर्म सांगितले : एकदा कपाळी शिक्का बसला की, माणसाला त्या शिक्क्याप्रमाणेच जगणे भाग पडते.

आता आपल्या देशाकडे वळू. लोंब्रोझोचा ग्रंथ निघण्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याला कवट्या मोजण्याची गरजच भासली नाही. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा आपल्या जातिव्यवस्थेतूनच उचललेला युक्तिवाद त्यास पुरला! १९११ च्या सुधारणेनंतर या कायद्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांची नोंद, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडण्यास परवाना असा जाच सुरू झाला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. शिकारीवर जगणाऱ्या पारध्याला जंगलाच्या कायद्यांनी अरण्य बंद केले आणि दुसरी वाट कोणी दाखविली नाही. मर्टन यांचे म्हणणे समजण्यास अमेरिकेस जावयास नको.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तथापि संशय रद्द झाला नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामे वाटण्याची आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याची कलमे शिल्लकच होती. ती घटनाबाह्य ठरविण्यास सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ चा दिवस उजाडावा लागला. आमच्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या फासेपारधी समाजातील शिक्षकाने आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. हा प्रश्न आपणा सर्वांनाच विचारलेला आहे.

बंधुभगिनींनो, आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी शिक्षणासाठी नागपुरात राहिलेला आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा वाईट संगतीने चोरीच्या प्रकरणात सापडला. शिक्षा भोगून तो परतला. त्याला कोणी दुकानी ठेवले नाही. त्याच्या निरपराध बहिणीचे नाव वधू-वर सूचीत छापू नये असा आग्रह झाला, आणि ते छापले गेले नाही. त्या बैठकीस आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो. न्यायालयाने त्याला काही महिन्यांची शिक्षा दिली. आपण त्याच्या साऱ्या घराला मुदतीवाचून दिली. १८७१ च्या कायद्याने याहून निराळे काय केले होते?

गुन्ह्याला क्षमा असावी असे आमचे म्हणणे नाही. ज्याची चोरी झाली त्याचे दुःख खरे आहे, आणि करणाऱ्याने दंड भोगलाच पाहिजे. परंतु दंड कृत्याला असावा, कुळाला नव्हे. आपल्या कुलशीलाचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेने तर हे विशेष ध्यानी धरावे. कारण जन्माने कोणी थोर ठरतो असे म्हणणाऱ्याला, जन्माने कोणी चोर ठरतो हेही मान्य करावे लागते.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. भावाच्या वा पित्याच्या अपराधापायी कोणाचेही नाव सूचीतून वा शिष्यवृत्तीतून वगळू नये. आणि शिक्षा भोगून आलेल्या तरुणास काम मिळवून देण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो. त्या बैठकीत जे बोलावयास हवे होते ते आज, उशिरा का होईना, बोललो.