प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मार्च २०१८ मधील लंडनची एक हकीकत प्रथम सांगतो. केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक-प्रचाराचा धंदा करणाऱ्या कंपनीने कोट्यवधी फेसबुक-वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत मिळविल्याचे उघडकीस आले होते. ब्रिटनमध्ये तेव्हा खाजगी माहितीच्या रक्षणाचे काम माहिती आयुक्तांकडे असे. तेव्हाच्या आयुक्त एलिझाबेथ डेनहॅम यांनी ७ मार्चला कंपनीकडे नोंदी पाहू देण्याची मागणी केली. मुदत उलटली, उत्तर आले नाही. १९ मार्चला त्यांनी जाहीर केले की, आपण न्यायालयाकडे झडतीचा हुकूम मागणार. तो मिळाला २३ मार्चला. म्हणजे ज्याची झडती घ्यायची त्याला साऱ्या जगासमक्ष चार दिवसांची पूर्वसूचना! मधल्या काळात फेसबुकने नेमलेले तपासनीसही त्या कचेरीत पोहोचले होते. आयुक्तांनी बजावल्यावर ते बाहेर पडले.

या अनुभवाने ब्रिटन शहाणे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात संमत झालेल्या कायद्याने आयुक्तांना तातडीच्या प्रसंगी २४ तासांत माहिती मागण्याचा अधिकार दिला, आणि मागितलेली माहिती नष्ट करणे वा दडविणे हा गुन्हा ठरविला. झडतीसाठी न्यायालयाचा हुकूम मात्र आजही लागतोच, आणि तो लागावा हेच योग्य आहे.

सामान्य माणसाला आपल्याविषयी कोणी काय साठविले, ते कोणाला विकले, हे कळण्याचा मार्गच नसतो. तेव्हा त्याच्या वतीने कोणीतरी दार ठोठावून, ‘वही दाखवा’ असे म्हणू शकले पाहिजे. तसे नसेल तर हक्क हा केवळ कागदावरचा. बलवंतांचा पहिला बचाव मौन हाच असतो. जानेवारी १९७८ मध्ये शहा आयोगासमोर शपथेवर साक्ष देण्यास श्रीमती इंदिरा गांधींनी नकार दिला, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. पण आणीबाणीने आपल्याला दुसरीही गोष्ट शिकविली आहे : माहिती मागणारा हात सरकारचाच असला, की तो रक्षणासाठी पुढे येतो की गळा धरण्यासाठी, हे आधी सांगता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. त्याने निर्माण केलेल्या मंडळाला साक्षीदार बोलाविण्याचे, दस्तऐवज मागविण्याचे, नोंदी तपासण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. वाचायला बरे वाटते. परंतु हे मंडळ आपण होऊन चौकशी सुरू करू शकत नाही. तक्रार, कंपनीने स्वतः दिलेली खबर, सरकारचा वा न्यायालयाचा निर्देश, यांवाचून त्याचे चाक हलत नाही. ज्या जप्तीने कोणाच्या दैनंदिन कामकाजास बाधा येईल अशी साधने ताब्यात घेण्यासही त्याला मनाई आहे. (गिरणीचा पट्टा बंद न करता गिरणी तपासा, असाच हा प्रकार!) अध्यक्ष व सदस्य केंद्र सरकार नेमणार, मुदत दोन वर्षांची, आणि फेरनेमणूकही त्याच सरकारच्या हाती. ज्यांची पुढची नेमणूक सरकारच्या मर्जीवर आहे, ते सरकारी खात्याला कठोर प्रश्न कसे विचारणार? शिवाय शासनाच्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षा, सुव्यवस्था इत्यादी कारणे देऊन अधिसूचनेद्वारे कायद्यातूनच वगळण्याची सोय आहे.

याउलट कलम ३६ पाहा. कायद्याच्या प्रयोजनांसाठी म्हणून केंद्र सरकार मंडळाकडे आणि कोणत्याही कंपनीकडे हवी ती माहिती मागू शकेल. न्यायालयाचा हुकूम घ्यावा असे त्या कलमात कुठे म्हटलेले नाही. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांप्रमाणे, राष्ट्राच्या सुरक्षेचे कारण सांगून, अशी माहिती दिल्याचे संबंधित नागरिकाला कळू देऊ नये असेही कंपनीला बजावता येईल.

आणि नागरिकाने सरकारला विचारायचे काय? याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असेल, व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही मिळत असे. आता त्या उपकलमात ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण नकारास पुरते. कलम ८(२) मधील लोकहिताची तरतूद शिल्लक आहे हे खरे, परंतु ती लावण्याचा निर्णय प्रथम अधिकाऱ्याच्याच हाती. अंमलबजावणीचा क्रमही ध्यानात घ्या. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने हे संकोचाचे कलम तत्काळ लागू केले. मंडळाच्या चौकशीच्या अधिकारांची कलमे मात्र अठरा महिने पुढे ठेवली.

आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट मागण्याची जुनी रीत आहे. पटावर कोणाची नावे आहेत, ती माणसे खरोखर कामावर होती का, मजुरी कोणी उचलली, हे नावे वाचल्यावाचून कळत नाही. उद्या तालुक्याच्या कचेरीत एखादी मजूर स्त्री तो पट मागेल, आणि कारकून सांगेल, ‘बाई, यात लोकांची वैयक्तिक माहिती आहे.’ त्या कारकुनाला उत्तर म्हणून कलम ८(२) चा अर्ज कसा लिहायचा, ते आता आपण फळ्यावर लिहून पाहू.