चंचल मूल आणि घरातला अभ्यास
(वरळी येथील पालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आज मला बोलण्यासाठी दिलेला विषय साधा वाटतो, पण प्रत्येक घराला तो छळतो. "आमचं पोरगं अभ्यासाला पाच मिनिटं बसत नाही," ही तक्रार मी शिक्षिका असताना पालकांकडून ऐकत आले. त्यावर मोठ्या विश्वासाने सल्लेही देत आले. त्या सल्ल्यांची परीक्षा मात्र निवृत्तीनंतर, माझ्याच घरात झाली.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. माझा नातू त्या जूनमध्ये पहिलीत गेला, पण शाळेची पायरी न चढता. मुलगा कामावर, सून रुग्णालयात ड्युटीवर. बी.डी.डी. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली हीच त्याची शाळा आणि मी त्याची बाई. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळलेली मी या एका मुलापुढे हरले. दोन अक्षरे काढली की तो पाणी प्यायला उठे, मग खिडकीत जाई, मग पेन्सिल कॉटखाली टाकून ती शोधत बसे. एके दिवशी माझा हात उठला. तो रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "आजी, तू शाळेत पण मारायचीस का?" त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हाच मुलगा गॅलरीत बसून चिंचोक्यांच्या रांगा लावत होता. अर्धा तास तो जागचा हलला नाही. म्हणजे लक्ष लावण्याची शक्ती त्याच्यात होती. आम्ही दिलेल्या कामात ती लागत नव्हती. मग दोष एकट्या मुलाचा कसा?

बंधू-भगिनींनो, हा शोध काही माझा नव्हे. १९०७ साली रोम शहरात सॅन लोरेन्झो या कामगारवस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. तिथली मुलेही आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांची, दिवसभर मोकाट फिरणारी. हाताला योग्य वस्तू मिळाली की तीच मुले एका कामात रमून जातात, हे त्यांनी जगाला दाखवले. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हाच विचार राबवला. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले वापरले. गरिबांच्या मुलांचे शिक्षण पैशावाचून अडत नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

मग मी माझी रीत बदलली. त्यातले जे उपयोगी पडले तेवढेच सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. सहा वर्षांच्या मुलाला तासभर एका जागी बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मी दहा मिनिटांचा पाठ ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा दोनवर आला की सुटी, हे त्याला दिसत असे. मध्ये पाच मिनिटे अंगाला काम: पाण्याची बाटली भरून आण, कपड्यांच्या घड्या घाल. असे तीन-चार पाठ झाले की दिवसाचा अभ्यास संपला.

दुसरी गोष्ट हाताची. बेरीज चिंचोक्यांवर, अक्षरे आधी ताटातल्या रव्यात बोटाने आणि मग वहीत. उभे राहून लिहायचे असेल तर तसे लिहू दिले. लिहिणे महत्त्वाचे, मांडी घालणे नव्हे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. "वही काढ, तारीख घाल, पान बारा उघड आणि नीट बस," अशा चार आज्ञा एका दमात दिल्या तर लहान मूल पहिली पाळते आणि बाकीच्या विसरते. त्याला आपण हट्टीपणा समजतो. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "शाबास" एवढेच न म्हणता "आज तू पाच ओळी न उठता लिहिल्यास," असे नेमके सांगावे.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःची. त्या वेळात दूरदर्शन बंद, मोबाईल बाजूला, तोही मोठ्यांचा आधी. आपण मालिका पाहत मुलाला "लक्ष दे" म्हणणे, याला काय अर्थ आहे?

एवढे करूनही काही मुले स्थिर होत नाहीत. अशा वेळी आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. झोप पुरेशी होते का, तेही पाहावे. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ तीच अडचण असेल तर डॉक्टरांना दाखवावे. परळचे के.ई.एम., सायनचे लोकमान्य टिळक आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत. अतिचंचलता ही वैद्यकीय अडचणही असू शकते. त्यात लाज कसली? आणि गंडेदोरे तर मुळीच नकोत.

आपण मुलांना नेहमी बाबासाहेबांचे उदाहरण देतो. परळच्या चाळीतली एकच खोली, मिणमिणता दिवा, रात्री दोनला उठून केलेला अभ्यास. "ते शिकले, तुला काय धाड भरली?" असे म्हणून आपण त्या प्रसंगाची छडी करतो. पण त्या खोलीत दुसराही एक माणूस होता, हे आपण विसरतो. मुलाला लवकर झोपवून सुभेदार रामजी स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, त्याला उठवत आणि मगच आपली पाठ टेकत. जागा नव्हती, म्हणून त्या पित्याने वेळ निर्माण केली. लष्करी शाळेत शिक्षक राहिलेल्या रामजींनी मुलाचे इंग्रजी घरीच, शेजारी बसून पक्के करून घेतले. तो प्रसंग मुलांइतकाच आपल्यासाठी, पालकांसाठी आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इतरांनाही मिळतील. आनंदाची गोष्ट आहे. त्या घरात सोफा कुठे, टीव्ही कुठे, याची चर्चा मी रोज ऐकते. मुलाची चटई कुठे, हे विचारणारे थोडे भेटतात. एक कोपरा त्याच्या नावाने राखून ठेवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज वीस मिनिटे धाकट्या भावंडाजवळ बसा. आई कामावरून दमून येते. ते काम तुम्ही उचलू शकता.

माझा नातू आजही चुळबुळ्याच आहे. पण गोष्टीचे पुस्तक हातात आले की हाक ऐकू येत नाही त्याला. मध्यंतरी मी त्याला त्या दिवसाच्या मारासाठी "चुकले माझे" म्हणाले. त्याला तो दिवस आठवतही नव्हता. मला मात्र आठवतो आणि आठवत राहावा, असेच वाटते.