बोर्डिंगची मुले पुढे काय करतात?

(उदगीर येथील माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि मागे भाताचे पातेले उतरल्याचा वास इथपर्यंत आला आहे. तेव्हा आढेवेढे न घेता विषयावर येते.

किनवट-माहूर भागातल्या गोंड, कोलाम मुलांच्या वसतिगृहासाठी वर्गणी गोळा करायला मी मंडळ्या-मंडळ्यांतून फिरते. सुगीच्या उपासनेनंतर कोणीतरी हमखास विचारते, "बाई, इतकी वर्षं इतकी मुलं शिकवली, त्यातली मंडळीत किती टिकली?" विचारणाऱ्याचा राग येत नाही. निवृत्त शिक्षक पेन्शनमधून पैसे काढून देतात, बाया भाकरीच्या पिठातली रोजची एक मूठ बाजूला ठेवून देतात. हिशेब मागायचा त्यांना हक्कच आहे. पण यंदा त्या प्रश्नातून एक सूचना निघाली आहे. पुढच्या जूनपासून ख्रिस्ती घरांतलीच मुले घ्यावीत, म्हणजे दिलेला पैसा वाया जाणार नाही, असे काहींचे म्हणणे आहे. वार्षिक सभेत ती सूचना मांडली जाईल. त्याआधी एका जुन्या बोर्डिंगची गोष्ट तुमच्यापुढे ठेवते.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झालेला होता. सदनाचा पैसा अमेरिकेतून यायचा. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचा भार उचलला होता आणि तोही या समजुतीवर, की मुलींवर धर्माची सक्ती होणार नाही, ज्या त्या मुलीने आपल्या घरचा आचार पाळावा. देणारे ख्रिस्ती, चालवणारी ख्रिस्ती आणि शिकणाऱ्या ब्राह्मण विधवा. आपल्या सभेत आज अशी योजना कोणी मांडली तर मंजूर होईल का, याचा विचार घरी जाताना करा.

तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. आठ-नऊ वर्षांची असताना लग्न झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. मग कितीतरी वर्षे सासरच्या घरात राबली. भावाने मुंबईला आणून सदनात घातले, तेव्हा ती विशी ओलांडलेली होती. चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे सदनाच्या वाढदिवशीच, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. पुढे तिला सगळे बाया कर्वे म्हणू लागले. नवऱ्याच्या गावाने, मुरूडने, दोघांवर बहिष्कार टाकला.

त्याच वर्षी सदनावर वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून आत येऊन बसत. त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. मुली ख्रिस्ती होतात ही तिथली तक्रार. मुली ख्रिस्ती होत नाहीत ही आपल्याकडची तक्रार. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही आणि कोणाला ओढून आतही नेले नाही.

बायांनी बाप्तिस्मा घेतला नाही. आजच्या आपल्या वहीत त्यांचे नाव ‘गेलेल्या’च्या रकान्यात पडले असते. पण अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी संस्था काढली आणि ती पुढे 1900 साली हिंगण्याच्या माळावर गेली, तेव्हा हीच शारदा सदनची माजी विद्यार्थिनी त्या संसाराची धनीण होती. त्या कामासाठी तिने लोकांच्या दारात उभे राहून वर्गणी मागितली. दारात उभे राहून मागणे काय असते हे मला ठाऊक आहे. लोक पाणी देतात, चहा देतात आणि पैशाचे म्हटले की मालक घरी नाहीत म्हणतात. बायांनी आपल्या आठवणी ‘माझे पुराण’ या नावाने सांगितल्या आहेत, त्या 1944 मध्ये निघाल्या. ज्यांच्या घरी असतील त्यांनी बोर्डिंगच्या मुलींना जरूर वाचायला द्याव्यात.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. याही विधवा, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर बहिणीच्या आधाराने शिकू लागल्या आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार पाहू लागल्या. आश्रमासाठी त्या गावोगाव हिंडल्या. 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी नीट येत नसताना एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचे आणि आश्रमासाठी मदत मिळवायची, हे मनात धरून. पोट भरण्यासाठी त्यांनी तिकडे लोकांच्या घरची कामे केली. आश्रम सांभाळणारी बाई परक्या देशात भांडी घासते, ही गोष्ट आपल्या ज्या मुलांना शिकल्यावर घरकामाची लाज वाटते त्यांना मी मुद्दाम सांगते. 1920 मध्ये त्या परतल्या. त्यांची आत्मकथा इंग्रजीत कोणी नेली? जस्टिन ॲबट या मराठी जाणणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्याने, 1930 मध्ये.

आता सदनात ज्या ख्रिस्ती झाल्या आणि राहिल्या, त्यांचेही ऐका. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभी राहिली. अंगावर उवा, पोटात आग, कोणावर विश्वास नाही अशा त्या मुली. त्यांना न्हाऊमाखू घालून अक्षर शिकवण्याचे काम सदनातल्या थोरल्या मुलींनी केले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात तर रमाबाईंनी तयार केलेल्या बायकाच मुली शोधायला गेल्या. मुक्तीत तेव्हा दोन हजारांच्या आसपास जीव जेवत होते. आणि रमाबाईंची लेक मनोरमा, जी स्वतः त्याच सदनात वाढली, तिने गुलबर्ग्याची शाळा सांभाळली. ती 1912 मध्ये निघाली. गुलबर्गा आपल्याला परका नाही. निजामाच्या राज्यात उदगीर बिदर जिल्ह्यात होते, गुलबर्गा त्याच्या शेजारचा जिल्हा.

तर एका बोर्डिंगातून दोन वाटा निघाल्या. मला विचाराल तर यांतली एक फायद्याची आणि एक तोट्याची असा ताळेबंद मांडता येत नाही. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. परत आला एकच, तोही शोमरोनी. बाकी नऊ कुठे आहेत असे प्रभूने विचारले, पण त्यांचे बरे झालेले अंग काढून घेतल्याचे शुभवर्तमानात कुठे लिहिलेले नाही.

आता आपल्या मुलांचे. कोलामांचे मूल बोर्डिंगला येते तेव्हा घरी कोलामी बोलत असते. पहिले चार-सहा महिने त्याला मराठी वर्गात काही कळत नाही आणि आपण म्हणतो मूल मंद आहे. अशीच एक ‘मंद’ मुलगी आज नर्स आहे. मंडळीत ती येत नाही, आपल्या देवकार्याला पोडावर जाते. दोन वर्षांमागे थंडीत तिचा फोन आला, "ताई, लहान लेकरं कुडकुडतायत." मी चार जणांना कळवले. एक एसटीत कंडक्टर, एक टेम्पोवाला, दोघे शिक्षक, सगळे याच बोर्डिंगचे. त्यांतले दोघे मंडळीत आहेत, दोघे नाहीत. पण गेले ते एकाच टेम्पोतून.

चाळीस घोंगड्या आणि ज्वारीची पोती घेऊन निघालो. किनवटच्या पुढे टायर पंक्चर झाले, स्टेपनीही बसलेली. पोचायला रात्र झाली. घरे निघाली त्रेचाळीस. तिथल्या जाणत्या म्हाताऱ्याने सांगितले, सगळ्यांना मिळणार असेल तर द्या, नाहीतर परत न्या, आमच्यात भांडण लावू नका. आमच्यातले शिक्षक त्यांना समजावू लागले, तीन घरांना पुढच्या खेपेला आणू म्हणून. म्हातारा हलेना. मग कंडक्टर उठला, स्वतःसाठी आणलेले पांघरूण त्याने ढिगावर टाकले. टेम्पोवाल्याने टाकले. तिसरे माझे. त्रेचाळीस झाली. रात्रभर आम्ही शेकोटीभोवती बसून होतो आणि नर्सबाई कोलामीत आमची थट्टा करून सगळ्या पोडाला हसवत होत्या.

ती सूचना सभेत येईल तेव्हा मी विरोधात मत देणार आहे, हे आजच सांगून ठेवते. माझे चुकत असेल तर वडिलांनी सभेत उभे राहून बोलावे, मी ऐकेन. आणि माजी विद्यार्थ्यांनो, जूनमध्ये नवी मुले येतील. कोलामी आणि गोंडी येणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात आळीपाळीने दोन-दोन दिवस बोर्डिंगला मुक्काम करावा, म्हणजे लेकरांना त्यांच्या भाषेत कोणी बोलणारे मिळेल. नावे लिहायची वही जेवणाच्या रांगेजवळ ठेवली आहे. ताट घेण्याआधी सही करा, नंतर हात खरकटे होतात.