बदली म्हणजे शिक्षा नव्हे
(माहूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता 'महिला आणि पोलीस'. तक्रार घेत नाहीत, हाकलून देतात, नवऱ्याला खुर्ची आणि बाईला बाहेरचा बाक, हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. म्हणून आज मी एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक आपली आहे, आणि त्यातही माझी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं आणि ठाण्याचं नाव सांगत नाही. एम.एस.डब्ल्यू. करून मी या भागात कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने मारून डोकं फोडलं होतं, टाके पडले होते. ठाण्यातल्या साहेबांनी तिला तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी मी सोबत गेले, तर साहेब मला म्हणाले, "ताई, तुमचं लग्न झालंय का? मग तुम्हाला काय कळणार?" आम्ही मोर्चा काढला. रणरणत्या उन्हात शंभरेक बाया आल्या. घोषणा एकच, साहेबांची बदली करा. पंधरा दिवसांत बदली झाली. पेढे वाटले. मीच वाटले.

त्या बाईचं काय झालं? नवे साहेब म्हणाले, मला हे प्रकरण माहीत नाही, पहिल्यापासून सांगा. ती म्हणाली, आता सांगून सांगून तोंड दुखलं. परत नांदायला गेली.

आणि वर्ष उलटायच्या आत मी दुसऱ्या तालुक्यात बैठकीला गेले. तांड्यावरची एक मुलगी उठून सांगू लागली. साहेब तिला म्हणाले होते, "लग्न झालंय ना? मग सोसायला शीक." मला बोलण्याची ढब ओळखीची वाटली. नाव विचारलं. तेच साहेब! आम्ही पेढे वाटून त्यांना तिच्या दारात पाठवलं होतं. त्या दिवशी मी त्या मुलीला हे सांगू शकले नाही. आज तुमच्यासमोर सांगते आहे.

आपण मागितलेल्या बदलीने साहेबांचं काय गेलं? पगार तोच, पद तेच, ज्येष्ठता तीच. सामानाचा टेम्पो तेवढा भरावा लागला. आणि अशांना पाठवतात कुठे? आडवळणाच्या तालुक्यात. आपला माहूर-किनवटचा भाग कित्येकांच्या बोलण्यात 'शिक्षेची जागा' असतो. म्हणजे शहरातल्या बाईला नको झालेला माणूस कोलाम, गोंड, बंजारा बाईच्या वाट्याला.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला २०१२ पासून महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या २५ व्या कलमात शिक्षा दिल्या आहेत. बडतर्फी आहे, पदावनती आहे, निलंबन आहे. बदली ही शिक्षा त्यात नाही. २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुढाऱ्यांच्या मर्जीने पोलिसांच्या बदल्या होऊ नयेत. त्यानंतर २०१४ साली आपल्या राज्याने कायद्यात मुदती घातल्या. फौजदारापासून निरीक्षकापर्यंत एका ठाण्यात दोन वर्षं, एका जिल्ह्यात चार, परिक्षेत्रात आठ. शिपाई-हवालदारांना एका जागी पाच. मुदतीआधी हलवायचं तर कारणं दिली आहेत. विभागीय चौकशी चालू असणं किंवा ठरलेली असणं, भ्रष्टाचाराचा आरोप, कर्तव्यात कसूर ही त्यांतली काही. म्हणजे साहेबांना मध्येच हलवलं तर आपण विचारायला हवं होतं, की चौकशी कुठे आहे? आम्ही विचारलं नाही. पेढे वाटण्यात गुंतलो होतो.

आता बदलीची दुसरी बाजू. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के जागा मिळाल्या, आणि आपल्या मुली पोलीस भरतीत धावू लागल्या. माझ्या ओळखीची एक पोलीस ताई आहे. भरती नांदेड जिल्ह्यात, सासर पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, परिक्षेत्रही बदलतं. इकडे नांदेड, तिकडे अमरावती. नियम सांगतो, मुख्यालयी राहा, परवानगीशिवाय सोडू नका. पण राहायला क्वार्टर नाही, आणि एकट्या बाईला, त्यातही पोलिसाला, खोली कोण देतं? लेकरू सासूजवळ. नवरात्रात गडावरचा बंदोबस्त लागला की दूध पिणारं पोर दिवसचे दिवस दिसत नाही.

तिने जिल्हा बदलून मागायचं ठरवलं. पती-पत्नी एकत्र हा आधार आहे. पण शिपायाची भरती आणि ज्येष्ठता जिल्ह्याची असते. पलीकडे जागा हवी, दोन्हीकडची संमती हवी. आणि एवढं होऊन विनंतीवरून गेली, की नव्या जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत खाली. काल भरती झालेल्या पोराच्या मागे. हवालदारकी तेवढी लांब गेली. ती मला म्हणाली, "ताई, मी काय गुन्हा केला?"

बघा, कसा न्याय आहे! बाईला हाकलणाऱ्या साहेबाची बदली होते, त्याचं काही जात नाही. लेकराजवळ राहू बघणारी शिपाई बदली मागते, तिची वर्षं जातात. शिक्षा कोणाला झाली?

पोलिसाने लोकांमध्ये राहावं, हा मूळ विचार वाईट नाही. अमेरिकेतही पुष्कळ शहरांत असा नियम होता, काही ठिकाणी अजून आहे. फिलाडेल्फिया शहराच्या अग्निशामक दलातला एक माणूस १६ वर्षं नोकरी करून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात राहायला गेला, आणि त्याची नोकरी गेली. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचा नियम योग्य ठरवला. तिथेही मधे नदीच आहे! पण इथेच राहा म्हणणाऱ्याने राहण्याची सोयही करायला हवी. बाईच्या पायात नियमाची बेडी घालायची आणि घर मात्र तिने शोधायचं, हे चालणार नाही.

कोणी म्हणेल, पोलिसांची बाजू आपण का घ्यायची? मी वर्दीची बाजू घेत नाही. मथुरेवर १९७२ साली पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला आणि त्यातून आपली चळवळ उभी राहिली, हे मी विसरलेले नाही. पण मार खाल्लेली बाई जिच्यापाशी पहिल्यांदा मोकळी होते, ती ठाण्यातली महिला शिपाई जर सतत घराच्या ओढीने अर्धी असेल, तर नुकसान आपलंच आहे.

तेव्हा यापुढे आपण काय करायचं?

मोर्च्यात 'बदली करा' ही घोषणा द्यायची नाही. 'चौकशी करा, निकाल लेखी द्या' म्हणायचं. दखलपात्र गुन्ह्याची नोंद घेणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच ठरलं आहे. नवरा-बायकोच्या प्रकरणात आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण बाईला नुसतं हाकलून देण्याची नाही. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, पोच जपून ठेवायची. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची नोंद नाकारणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. २०१३ साली आलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमात आहे.

साहेब बदलून गेले तर बायकांच्या चालू प्रकरणांची यादी नव्या साहेबांच्या हाती लेखी द्यावी, ही मागणी प्रत्येक ठाण्यात करायची. त्यांनी नाही दिली, तर आपली यादी घेऊन आपण पहिल्या आठवड्यात जायचं.

आणि पोलीस बहिणींसाठी एकत्रीकरणाच्या बदलीत ज्येष्ठता जाऊ नये, तालुक्याच्या ठाण्याजवळ त्यांना घर मिळावं, हे आपण मागायचं. त्यांना संघटना करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. आपल्याला येतो.

त्या तांड्यावरच्या मुलीकडे मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. या वेळी सगळं सांगणार आहे, आणि तक्रार तिच्यासोबत बसून लिहिणार आहे. बदलीचा शब्द त्यात नसेल.