प्रयोगशाळेबाहेरचे सत्र



कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी लावलेला कामगंध सापळा विदर्भातल्या शेतकऱ्याला नवा नाही. वर नरसाळे, त्यात मादीच्या गंधाची ल्यूर, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी. गंधाच्या ओढीने आलेले नर पतंग पिशवीत अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, की बंदोबस्ताची वेळ आली असे कृषिशास्त्र सांगते. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे आतून पोखरली गेली, तेव्हा ही साधी मोजणी वेळेवर होण्याचे मोल साऱ्या महाराष्ट्राला कळले.

मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने सापळ्यातल्या पतंगांचा मोबाइलवर फोटो काढून मोजणी करणारी आणि सल्ला देणारी प्रणाली बांधली. तिची हकिकत २०२० मध्ये केडीडी या आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध म्हणून मांडली गेली. पतंग ओळखणारे मॉडेल तयार करणे हा त्या कामाचा एक भाग झाला. सापळ्याचा नसलेलाच फोटो आला तर तो ओळखून बाजूला काढायचा, शेतात नेटवर्क नसेल तर स्वस्तातल्या मोबाइलवरच सारे चालावे म्हणून मॉडेल आक्रसून लहान करायचे, आणि 'फवारा' किंवा 'थांबा' हा सल्ला चुकला तर नुकसान कोणाचे होते याचा हिशेब ठेवायचा, ही कामेही तितकीच मोठी होती. शिवाय फोटोत पतंग एकमेकांवर पडलेले असतात, पंख झडलेले असतात, उजेड कमी-जास्त असतो.

आता पदव्युत्तर वर्गात काय घडते ते पाहावे. एमटेकचा विद्यार्थी इंटरनेटवरून तयार विदासंच उतरवून घेतो. प्रत्येक चित्राला नाव आधीच चिकटवलेले. ऐंशी टक्के शिकवणीला, वीस टक्के परीक्षेला. दोन-तीन मॉडेल चालवून तो अचूकतेचा तक्ता काढतो, सर्वांत मोठ्या आकड्याखाली ठळक रेघ मारतो आणि प्रबंध बांधून देतो. हे सारे त्याला यायलाच हवे. पण एवढ्यावर त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेतली पदव्युत्तर पदवी द्यावी का, हा प्रश्न या परिषदेने गांभीर्याने हाती घ्यावा.

तयार विदासंचावरचा यशस्वी प्रयोग आणि प्रत्यक्ष वापर यांतले अंतर किती असते, याचे दाखला देण्याजोगे उदाहरण थायलंडचे आहे. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा फोटोवरून ओळखणारे गूगलचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १,२८,१७५ छायाचित्रांवर ते मॉडेल शिकवले होते, त्यांतली काही भारतातल्या नेत्ररुग्णालयांची होती, आणि निकाल नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचे होते. पुढे ही प्रणाली थायलंडमधल्या अकरा दवाखान्यांत वापरायला दिली गेली. तिथे डोळ्याचा फोटो परिचारिका काढत. बऱ्याच ठिकाणी खोली पुरेशी अंधारी करता येत नव्हती. मॉडेलला सवय होती ती स्वच्छ, नीट उजेडातल्या छायाचित्रांची. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ छायाचित्रांपैकी सुमारे एकवीस टक्के प्रणालीने 'दर्जा पुरेसा नाही' म्हणून परत केली. फोटो परत आला की त्या रुग्णाला पुन्हा दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी जायला सांगावे लागे. कामावर न जाता आलेल्या माणसाला असे सांगणे परिचारिकांच्या जिवावर येई. इंटरनेट मंदावले की रांग तुंबे. २०२० मध्ये त्याच कंपनीच्या संशोधकांनी हे सगळे प्रामाणिकपणे लिहून प्रसिद्ध केले, याबद्दल त्यांचे कौतुकच करायला हवे. दवाखान्याच्या खोलीत बसून परिचारिकेचे काम पाहिल्याशिवाय यातली एकही अडचण विद्यार्थ्याला दिसणार नाही.

गूगलच्याच अभियंत्यांनी २०१५ मध्ये एका शोधनिबंधात दाखवून दिले होते, की चालू यंत्रणेत मॉडेलचा कोड हा अगदी लहानसा तुकडा असतो. विदा गोळा करणे, ती तपासणे, यंत्रणेवर लक्ष ठेवणे, बिघाड शोधणे हा पसारा त्याच्या कितीतरी पट मोठा. आपले बहुतेक अभ्यासक्रम मात्र त्या लहान तुकड्याभोवतीच फिरतात.

शिक्षणात उद्योगाचा अनुभव गुंफण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कॅनडातले वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पायावर उभे राहिले. चार महिने वर्ग, चार महिने पगारी काम, असा तिथला क्रम आजही चालतो. एमआयटीने १९१६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीसाठी प्रॅक्टिस स्कूल काढले. पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये तीच कल्पना आपल्याकडे आणली. तिथे विद्यार्थी जवळपास पूर्ण सत्र उद्योगात काढतो, विद्यापीठाचा प्राध्यापक त्या कामाशी जोडलेला असतो आणि त्या कामाला गुण असतात. १९७९ पासून तर नोकरी करणाऱ्यांसाठीही त्यांनी कामाशी जोडलेले अभ्यासक्रम चालवले आहेत.

ब्रिटनमध्ये २०१७ साली वेंडी हॉल आणि जेरोम पेझेंटी यांच्या अहवालाने उद्योगांच्या पैशातून कृत्रिम बुद्धिमत्तेचे पदव्युत्तर विद्यार्थी घडवावेत, सुरुवातीला तीनशे, अशी शिफारस केली. आज महाराष्ट्रातून तिकडे जाणारी अनेक मुले 'प्लेसमेंटसह एमएससी' या नावाकडे पाहून अर्ज करतात. त्यांच्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. असल्या अभ्यासक्रमांत प्लेसमेंटची जागा बहुधा विद्यार्थ्यालाच मिळवावी लागते, विद्यापीठ तिची हमी देत नाही. कर्ज काढण्यापूर्वी माहितीपत्रकातले ते बारीक अक्षरातले कलम वाचावे.

आपल्या घरातही या परंपरेचे धागे आहेत. जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत, एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखाली, ऐंशीच्या दशकात ज्ञानाधारित संगणक प्रणालींवर काम झाले. तेव्हा 'एआय' हा शब्द वर्तमानपत्रात फारसा दिसत नव्हता. पुण्यात १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटांचे संशोधन केंद्र उभे राहिले. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था आली. 'सी-डॅकचा कोर्स' करून नोकरीला लागलेला एखादा तरी मुलगा किंवा मुलगी महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत सापडेल.

माणसांची उदाहरणे घ्यायची, तर डॉ. राज रेड्डी यांचे घ्यावे. आंध्रातल्या कातूर गावचे रेड्डी ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर शिक्षण घेऊन तिथेच तीन वर्षे आयबीएममध्ये नोकरीला होते. त्यानंतर ते स्टॅनफर्डला गेले, १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९९४ मध्ये ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी झाले. अलीकडचे उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. आजच्या बहुतेक भाषा-मॉडेलांचा पाया ज्या २०१७ च्या शोधनिबंधाने घातला, त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पदवीधर. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या गूगलच्या संशोधन विभागात गेल्या. त्याच आठांमधला एडन गोमेझ तर त्या वेळी टोरोंटो विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि गूगलमध्ये इंटर्न म्हणून आला होता. इंटर्नला महत्त्वाच्या प्रश्नावर काम करू दिले, म्हणून त्याचे नाव तिथे आहे. चहा सांगायला किंवा एक्सेलचे रकाने भरायला बसवले असते तर नसते.

पण एक धोका इथेच सांगून ठेवायला हवा. उद्योगाचा अनुभव हवा म्हणून उद्योगानेच अभ्यासक्रम लिहावा, ही मागणी जोर धरत आहे. ती मान्य करू नये. न्यूरल नेटवर्कला बाजारात कोणी विचारत नव्हते, त्या काळात जेफ्री हिंटन टोरोंटोत त्यावर काम करत राहिले, आणि २००४ पासून त्यांना कॅनडातल्या एका संशोधन संस्थेच्या निधीचा आधार होता. २०१२ मध्ये त्यांचे विद्यार्थी अॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुट्स्केव्हर यांनी चित्रे ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत चुकांचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाचा संघ २६.२ टक्क्यांवर होता. त्यासाठी त्यांनी संगणकावरच्या खेळांसाठी विकली जाणारी दोन ग्राफिक कार्डे वापरली. पुढची सगळी बाजारपेठ या कामानंतर उभी राहिली. रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र, इष्टतमीकरण हे विषय कापून त्या जागी एखाद्या कंपनीच्या साधनाचे प्रशिक्षण घातले, तर दोन वर्षांत ते साधन जुने होईल आणि विद्यार्थी रिकाम्या हातांनी उभा राहील. गणित पक्के असावे आणि मग विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रश्नाच्या तोंडी उभे करावे.

आपल्याकडे सध्या दुसरेच घडते. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कंपनीचे पत्र मिळवायचे, सहा महिन्यांनी प्रमाणपत्र आणायचे, आणि प्रबंध मात्र भलत्याच विषयावर लिहायचा. महाविद्यालयांच्या आसपासच्या रस्त्यांवर 'प्रोजेक्ट करून मिळतील' अशा पाट्या उघडपणे लागतात. गेट उत्तीर्ण एमटेक विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळते. पुण्या-मुंबईत खोलीचे भाडे आणि मेस भागवल्यावर त्यातून काय उरते, हे वेगळे सांगायला नको. ज्याला तेवढेही मिळत नाही, त्या मुलाला कंपनी बिनपगारी सहा महिने बोलावते. बिनपगारी इंटर्नशिप फक्त घरची ऐपत असलेल्यांनाच परवडते, म्हणून या परिषदेने तिला स्पष्ट विरोध करावा.

चांगले काय असते, तेही पुण्यातच पाहायला मिळते. एलथ्रीक्यूब या गटात महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून मराठीसाठी काम करतात. त्यांनी सुमारे सोळा हजार मराठी ट्विटांचे भाव तपासून संच तयार केला, पंचवीस हजार मराठी वाक्यांत माणसांची, गावांची, संस्थांची नावे हाताने खुणावली, आणि मराठीची मॉडेले सर्वांना खुली करून दिली. हजारो वाक्ये एकेक करून वाचायची, एकाच वाक्यावर दोघांची खूण वेगळी पडली तर नियम काढून वाद मिटवायचा, ही मेहनत ज्याने केली, त्याला विदा म्हणजे काय ते पाठ्यपुस्तक न उघडताही सांगता येते. आज मराठीवर काम करणाऱ्या अनेकांना त्यांच्या संचांचा उपयोग होतो.

पैसा आणि यंत्रे यांची ओरड आता पूर्वीइतकी खरी नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया एआय मिशनसाठी दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. उद्योगातल्या अनुभवी माणसांना शिकवायला आणता यावे म्हणून यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट मोकळी केली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएचडी नसतानाही विद्यापीठात शिकवता येते. किती विभागांनी या जागा भरल्या, हे प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्यापुरते पाहावे.

उद्योग म्हटले की डोळ्यांसमोर हिंजवडी आणि ऐरोली येते, तीही सवय मोडायला हवी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतीव काम तपासणारा माणूस हातोडीच्या आवाजावरून आणि नुसत्या नजरेने खराब कास्टिंग बाजूला काढतो. त्याच्याजवळ जे ज्ञान आहे ते कुठल्याही विदासंचात नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग, नाशिकची द्राक्षे, जिल्हा रुग्णालयातले एक्स-रे विभाग, सत्र न्यायालयातली मराठी कागदपत्रे, साखर कारखान्याची ऊसनोंद, इथे पदव्युत्तर प्रबंधाला पुरतील असे प्रश्न पडून आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्टबरोबर उसावर काम सुरू करून वाट दाखवली आहे.

यासाठी करायचे काय, ते अवघड नाही. दुसऱ्या वर्षातले एक पूर्ण सत्र विद्यार्थ्याने बाहेर काढावे आणि प्रबंधाचा प्रश्न तिथूनच यावा. मार्गदर्शक दोन असावेत, एक विद्यापीठाचा, एक त्या ठिकाणचा, आणि दोघांनी महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसावे. विदेचा करार पहिल्याच आठवड्यात लेखी व्हावा. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा विद्यार्थ्याने तिथेच शिकावा, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा त्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. गुप्ततेच्या नावाखाली वर्षभराचे काम कपाटात बंद झालेली मुले थोडी नाहीत. आणि प्रयोग फसला तर तो का फसला हे नीट लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत. थायलंडच्या त्या निबंधाची किंमत याच कारणासाठी आहे.

जूनमध्ये नव्या प्रवेशांची लगबग सुरू होईल. त्याआधी इथे बसलेल्या प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याशी, रुग्णालयाशी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीशी लेखी करार करावा, आणि प्रत्येक उद्योजकाने निदान एका विद्यार्थ्याला पगार देऊन, खरा प्रश्न देऊन, सहा महिने जागा द्यावी, ही या व्यासपीठावरून कळकळीची विनंती आहे.