दुखणे दिसत नाही म्हणून ते नाही काय?

(महोत्सव-सप्ताहातील रुग्णदिनी प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहात आपले देवमंदिर दिव्यांनी उजळले आहे, आणि मंडपात पाऊल ठेवावयास जागा उरलेली नाही. तथापि या आनंदात मला काही रिकाम्या जागा दिसतात. त्या मृतांच्या नव्हेत. त्यांच्यासाठी आपण काल मिस्साबलिदान अर्पिले. त्या जिवंतांच्या आहेत. आपल्याच आळीत, कित्येकदा आपल्याच घराच्या आतल्या खोलीत, ही माणसे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना जडलेल्या दुखण्याने मरण येत नाही आणि आरामही पडत नाही. आज त्यांच्याविषयी, किंबहुना आपण त्यांच्याशी कसे वागतो याविषयी, चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

प्रथम माझाच अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मावशी मिस्साच्या वेळी, सर्व मंडळी गुडघे टेकीत असता, बाकावर बसून राहत. दोन रविवार मी ते पाहिले. तिसऱ्या रविवारी वेदीवरून बोललो की, ज्यांना लग्नघरी चार-चार तास उभे राहवते त्यांना देवापुढे क्षणभर गुडघे टेकवत नाहीत. मी नाव घेतले नाही. पण सर्वांच्या माना तिकडेच वळल्या. त्या दिवसापासून मावशी येईनाशा झाल्या. पुढे त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळले की, संधिवाताने त्यांचे सांधे रात्रभर आखडून जात. सहाच्या मिस्साला पोहोचावे म्हणून त्या पहाटे चारला उठत. अंग मोकळे होऊन पाऊल उचलावयास दोन तास लागत. त्या मला इतकेच म्हणाल्या, “फादर, मी बसते हे तुम्ही पाहिलेत, मी येते हे नाही पाहिलेत.”

त्यांची क्षमा मी तेथेच मागितली. परंतु अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून त्यांच्या अनुमतीने आज चारचौघांत पुन्हा मागत आहे.

बंधूंनो, हा दोष माझा एकट्याचा आहे काय? “काल बाजारात दिसली, आणि आज म्हणे उठवत नाही!” असे आपण सहज बोलून जातो. वेदना भरतीओहोटीप्रमाणे कमीजास्त होते, आणि बाजारातील एका तासाची किंमत दुसऱ्या दिवशी अंथरुणात मोजावी लागते, हे आपल्या ध्यानी येत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र चिरकालीन वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 साली अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. जखम भरून आली तरी मज्जातंतू वेदनेचा इशारा देतच राहतात, आणि चित्रात काही दिसले नाही तरी दुखणे खरे असते, असे डॉक्टर सांगतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारिली, तेव्हा रोगी आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखावा, असे स्पष्ट नमूद केले. ज्या शास्त्राला आपण कोरडे समजतो, ते या बाबतीत आपल्याहून अधिक दयाळू ठरले!

दुसरे काही सल्ला देतात. अमुक तेल लावा, तमुक वैद्याकडे जा, मोतमावलीला मेणाचा पाय वाहा. नवस भक्तीने केला तर त्यात गैर नाही. परंतु गुण आला नाही म्हणजे “विश्वास कमी पडला” असे म्हणणे, हे दुखऱ्या पायावर पाय देणे होय. संत पौलाने आपल्या देहातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल?

तिसरे तर पाप शोधतात. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला: पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारिले. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसले. त्यांनी केलेले उत्तम कार्य तेवढेच. तोंड उघडताच ते दोष देऊ लागले. शेवटी देवाने त्या उपदेशकांना फटकारिले, आणि कण्हणाऱ्या, तक्रार करणाऱ्या ईयोबालाच उचलून धरिले. म्हणून दुखणाईतांनो, देवापुढे रडण्यात पाप नाही. औषध घेण्यातही अश्रद्धा नाही.

हॉलंडातील संत लिडविना पंधराव्या वर्षी बर्फावर पडून जायबंदी झाली, ती 1433 साली मृत्यू येईपर्यंत अंथरुणातच राहिली. आपल्या देशातील संत अल्फोन्सा हिनेही दीर्घकाळ आजार सोशिला; ती 1946 साली वारली व 2008 साली संतपदी गणली गेली. या दोघींनी आपले दुःख ख्रिस्ताला वाहिले, हे खरे. पण वाहणे हे ज्याचे त्याने करावयाचे असते. “देवाला वाहून टाक” असे शेजाऱ्याने दाराशी उभे राहून सांगणे सोपे आहे. पोपमहाशय दुसरे जॉन पॉल यांनी 1984 सालच्या पत्रात दोन्ही गोष्टी शिकविल्या: आपल्या दुःखाने इतरांचे भले करावे, आणि दुःखिताचेही भले करावे. आपल्या वाट्याला दुसरी आली आहे.

आणखी एक. रुग्णाभ्यंग केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितले आहे. तरी फादर तेल घेऊन आले म्हणजे घरात रडारड होते! गंभीर व दीर्घ दुखण्याच्या माणसांनी तो अवश्य मागावा. मी आनंदाने येईन.

तेव्हा काय करावे? भेटीस जा, पण थोडा वेळ बसा. “आता बरे वाटते ना?” असे विचारू नका, “आजचा दिवस कसा आहे?” असे विचारा. विहिरीचे पाणी भरून द्या, औषध आणून द्या, रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला तासभर विसावा द्या. येत्या रविवारपासून पुढील दोन बाके, ज्यांना बसून मिस्सा ऐकावयाची आहे त्यांच्यासाठी राखिली आहेत. तेथे कोणी का बसले, हे कोणीही विचारू नये. मीही विचारणार नाही.

कुरेनेकर शिमोनाने प्रभूला उपदेश केला नाही. बळजबरीने का होईना, त्याने क्रूसाखाली खांदा दिला. तो खांदा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.