पंडवानीचा तंबुरा आणि अस्मितेचा प्रश्न



‘सांस्कृतिक अस्मितेचे पुनरुज्जीवन’ हा शब्दप्रयोग आपल्या सार्वजनिक जीवनात इतका गुळगुळीत झाला आहे की, हरवले ते नेमके काय आणि ते कोणी हिरावून घेतले, हे विचारण्याची आवश्यकता कोणाला भासत नाही. उत्तर बहुधा ठरलेले असते : परकीय सत्तेने. ते असत्य नव्हे. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरील नियंत्रणाचा कायदा इंग्रजांनीच केला. केंद्राच्या कायदेपुस्तकातून तो निघण्यास मात्र स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली. परंतु परकीयांकडे बोट दाखविले की घरच्या हिशेबाची वही आपोआप मिटली जाते. ती वही उघडायची असेल, तर छत्तीसगडच्या पंडवानीकडे आणि तीजनबाईंकडे पाहावे.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. एकच कलावंत ती गातो, सांगतो आणि अभिनयाने उभी करतो. मागे पेटी, तबला, ढोलक, मंजिऱ्यांची साथ असते. आणि एक ‘रागी’ असतो, जो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातील शंका स्वतःच्या तोंडून वदवतो. महाराष्ट्रातील कीर्तनाच्या श्रोत्याला ही रचना परकी वाटणार नाही. तिच्या दोन शाखा सांगितल्या जातात. वेदमती शाखा सबलसिंह चौहान यांच्या पद्यमय महाभारताचा आधार घेते. कापालिक शाखा पोथीपेक्षा लोकांच्या स्मृतीवर व कल्पनेवर विसंबते. येथील खरा नायक भीम आहे, अर्जुन नव्हे. भरपूर जेवणारा, भरपूर राबणारा, अन्याय पाहताच संतापणारा भीम शेतमजुरांच्या श्रोतृवर्गाला अधिक जवळचा वाटला, यात आश्चर्य ते काय?

तीजनबाईंचा जन्म १९५६ चा, भिलाईजवळच्या गनियारी गावचा, पारधी समाजातला. हे नाव उच्चारताच महाराष्ट्रात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण होते. आजोबा ब्रिजलाल पारधी महाभारत गात. ते ऐकून ऐकून नातीला कथा मुखोद्गत झाली. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडे रीतसर शिक्षण झाले. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला जाहीर प्रयोग झाला. बिदागी दहा रुपये. त्या काळी स्त्रियांनी पंडवानी गायचीच तर बसून गावी, असा रिवाज होता. उभे राहून, रंगमंचभर वावरून, गर्जना करीत गाणे हा पुरुषांचा अधिकार. तीजनबाई उभ्या राहिल्या. परिणामी समाजाने त्यांना बहिष्कृत केले. लहानशी झोपडी बांधून, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी व अन्न उसने घेऊन त्या एकट्या राहिल्या आणि गात राहिल्या.

तेव्हा येथे ‘अस्मिता’ कोणाकडून परत मिळवायची होती? इंग्रज जाऊन दोन दशके लोटली होती. पंडवानी कोणी बंद पाडलेली नव्हती. ती गावोगाव चालू होती, फक्त एका मुलीला ती मोकळेपणी गाण्यास मनाई होती. परंपरा जिवंत आहे असे म्हणताना ती कोणासाठी जिवंत आहे, हे आपले संस्कृतिरक्षक सहसा सांगत नाहीत.

रंगमंचावरील तीजनबाईंच्या हातात तंबुरा असे. हाच तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर कधी रथ. वेषांतर नाही, पडदा नाही, नेपथ्य नाही. दुःशासनवध सांगताना तीच बाई दुःशासन असे, भीम असे आणि सूड मागणारी द्रौपदीही असे. भरसभेत जिची विटंबना झाली तिची कथा पुरुष कथेकऱ्याने सांगणे आणि स्वतः पंचायतीपुढून हाकलल्या गेलेल्या स्त्रीने सांगणे, यांतील अंतर कोणत्याही नाट्यशास्त्राने मोजता येणार नाही.

हबीब तन्वीर यांनी त्यांचे सामर्थ्य ओळखले आणि देशाला त्यांचा परिचय झाला. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ मध्ये, १९८८ साली, त्यांची पंडवानी घराघरांत पोहोचली. योगायोग असा की, त्याच वर्षी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. रत्नजडित मुकुटांच्या आणि संस्कृतप्रचुर संवादांच्या त्या मालिकेने सबंध देशाला एकच महाभारत दिले. तिची लोकप्रियता नाकारण्याचे कारण नाही. पण एका देशाला एकच महाभारत पुरेसे आहे ही समजूत त्या काळात बळावली, आणि तिचा राजकीय उपयोग कोणी करून घेतला हे सांगावयास नको.

शासनाने तीजनबाईंना २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण दिले. गौरव यथार्थच होता. तथापि महोत्सवाच्या मांडवात वीस मिनिटांत उरकलेली पंडवानी आणि गावात रात्ररात्र चालणारी पंडवानी एक नव्हेत. सत्तेला लोककला शोभेसाठी हवी असते. तिच्यामागची माणसे अडचणीची ठरतात. तीजनबाईंनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली. लोककलेच्या संरक्षणाच्या चर्चासत्रांत सार्वजनिक उद्योगातील या पगाराचा उल्लेख क्वचितच होतो. याच परिसरात दल्ली-राजहराच्या खाणकामगारांना शंकर गुहा नियोगी यांनी संघटित केले. दुष्काळात सावकाराचे धान्य लोकांत वाटणारा आणि १८५७ मध्ये रायपूरला फाशी गेलेला सोनाखानचा वीर नारायणसिंह त्यांनी कामगारांच्या स्मृतीत पुन्हा जागा केला. १९९१ मध्ये नियोगींची हत्या झाली. छत्तीसगडची अस्मिता राज्यनिर्मितीच्या, म्हणजे २००० च्या, बरीच आधी अशी खाणींत आणि कथेच्या फडांवर घडत होती.

महाराष्ट्रातही सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग गावोगाव नेला. सीमेपलीकडे, झियांच्या राजवटीतील लाहोरमध्ये, इक्बाल बानो यांनी १९८६ साली फैज यांची कविता गायली आणि सभागृहाने घोषणांनी साथ दिली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, कलाप्रकारही वेगळा. पण एकट्या स्त्रीच्या आवाजाचे सत्तेला वाटणारे भय मात्र तेच.

तीजनबाईंनंतर छत्तीसगडमध्ये उभ्याने पंडवानी गाणाऱ्या स्त्रियांची रांगच लागली. त्यांच्याकडे शिकलेल्या उषा बारले यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पांडवांच्या कथेबरोबरच, ज्यांनी माणसामाणसांतील उच्चनीचता नाकारली त्या सतनामी पंथाच्या गुरू घासीदासांचे चरित्रही त्या याच शैलीत गातात. सबलसिंह चौहानांच्या पोथीत ते नाही.